मुक्त ग्रंथ आणि शोध्य ग्रंथ : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक परामर्श

१

लोणारच्या सरोवराविषयी साधार लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास आजही निरनिराळ्या भाषांतील आणि निरनिराळ्या ठिकाणच्या साधनांकडे जावे लागते. महानुभावांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या भ्रमंतीतील एक स्थान म्हणून लोणार येते. यादव राजा कान्हरदेव याच्याशी त्यांची भेट तेथे झाल्याचा प्रसंगही त्या ग्रंथात आहे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा, आणि काच व साबण यांस लागणारी द्रव्ये तेथे मिळतात या गोष्टीचा, उल्लेख सापडतो. इंग्रजी अमदानीत १९१० साली निघालेल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये त्याचे वर्णन आहे. हे विवर बेसाल्ट खडकातील आघातविवर होय, हे फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात मांडले. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात या सरोवराची रामसर स्थळांच्या यादीत नोंद झाली. अशा रीतीने एकाच जलाशयाविषयीचे ज्ञान जुनी मराठी, फारसी आणि इंग्रजी या तीन भाषांत विखुरलेले असून त्यातील प्रत्येक साधन वेगळ्या प्रकारच्या कुलपाआड आहे. एकास लिपीचे कुलूप आहे, दुसऱ्यास भाषेचे, तिसऱ्यास वर्गणीचे.

संगणकाच्या युगात ही कुलपे आपोआप उघडतील अशी एक समजूत सर्वत्र दृढ झालेली दिसते. बुडापेस्ट येथे २००२ साली मुक्त प्रकाशनाचे जे निवेदन प्रसिद्ध झाले त्यापासून संशोधन सर्वांस विनामूल्य मिळाले पाहिजे या तत्त्वास जगभर मान्यता मिळत गेली, आणि ती योग्यच आहे. परंतु तत्त्व मान्य होणे आणि ते व्यवहारात उतरणे यांत मोठे अंतर असते. ग्रंथाच्या मुक्ततेच्या तीन पायऱ्या आहेत. ग्रंथ डोळ्यांनी पाहता येणे ही पहिली. त्यातील हवा तो शब्द वा प्रसंग शोधता येणे ही दुसरी. आणि त्यातील विधान इतर प्रतींशी ताडून पाहता येणे ही तिसरी. मराठीत आजवर जे कार्य झाले ते बहुतांशी पहिल्या पायरीवरचे आहे. दुसरी आणि तिसरी पायरी चढण्याचे काम महाविद्यालयीन ग्रंथालयांवाचून होणार नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याशी निगडित असलेली महानुभाव-संशोधनाची परंपरा आधारास घेतली आहे.

२

महानुभाव वाङ्मय हे मराठीतील गुप्त ठेवलेल्या आणि पुढे खुल्या झालेल्या वाङ्मयाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मूळ पोथी धामधुमीच्या काळात नष्ट झाली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली, असे परंपरा सांगते. यामुळेच एकाच लीळेचे अनेक पाठ निर्माण झाले. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची पद्धत स्वीकारली. सकळ लिपीत नागरी अक्षरांची ठरावीक नियमाने अदलाबदल केलेली असते. नियम ठाऊक नसलेल्यास समोरची पोथी देवनागरीसारखी दिसूनही अर्थहीन वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने प्रभृतींनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग १९३० च्या दशकात छापण्यास प्रारंभ केला, आणि १९६० च्या दशकात शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती निघाली.

या मालिकेतील अत्यंत परिश्रमी संशोधक विष्णु भिकाजी कोलते हे बुलढाणा जिल्ह्याचे सुपुत्र. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली त्यांचा जन्म झाला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९६६-७२) आणि भोपाळ येथील १९६७ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोलते यांचे ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, ‘श्रीचक्रधर चरित्र’, ‘महानुभाव संशोधन’ हे ग्रंथ मलकापूरच्या अरुण प्रकाशनाने काढले. पुणे-मुंबईच्या प्रकाशनसंस्थांचे पाठबळ नसताना एका तालुक्याच्या गावाहून निघालेले हे ग्रंथ आज परदेशी विद्यापीठांतील प्रबंधांच्या संदर्भसूचींत आढळतात. मराठीच्या आरंभकालाचा अभ्यास करणाऱ्या कोणाही परकीय पंडितास मलकापूर हे नाव त्यामुळे परिचित झालेले असते.

कोलते यांनी संपादिलेली ‘स्थानपोथी’ तर या विषयाच्या दृष्टीने फारच उद्बोधक आहे. चक्रधर ज्या ज्या ठिकाणी राहिले त्या गावांची, देवळांची, दारांच्या दिशांची आणि वाटांची टिपणे या छोट्याशा पोथीत आहेत. अमुक देऊळ गावाच्या कोणत्या अंगास, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या आवारात आणखी काय आहे, अशी माहिती ती देते. तेराव्या शतकातील खेड्यांच्या रचनेचे इतके बारकाईचे साधन मराठीत दुसरे नाही. तिच्यातील प्रत्येक नोंद नकाशावर बसविणे, तेथे आज काय उभे आहे ते पाहणे आणि ती नोंद लीळाचरित्रातील प्रसंगाशी जोडणे, हे काम संगणकाच्या साहाय्याने उत्तम रीतीने होण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी ग्रंथाचे छायाचित्र पुरत नाही. त्यातील शब्द संगणकास वाचता यावे लागतात, आणि कोणता शब्द कोणत्या प्रतीतून घेतला हेही कळावे लागते.

३

आज मराठी ग्रंथ आणि प्रबंध ज्या संग्रहांत विनामूल्य पाहावयास मिळतात त्यांचे मोल कोणीही कमी लेखू नये. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमान्वये प्रबंधांच्या संगणकीय प्रती आवश्यक केल्यामुळे, झपाट्याने वाढले. साहित्य संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर उपलब्ध केली. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथांच्या संगणकीकरणाचे कार्य केले. मराठी विश्वकोश कोणासही घरबसल्या वाचता येतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद पडले, तरी त्यातील असंख्य ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर शिल्लक आहेत. बुलढाण्यासारख्या, मोठ्या संशोधन-ग्रंथालयांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास ही केवढी सोय झाली हे सांगावयास नको. पूर्वी एखादा जुना अंक पाहण्यासाठी नागपूरची वा मुंबईची वारी करावी लागे.

तथापि सोय झाली म्हणून परीक्षणाचे कर्तव्य संपत नाही. या संग्रहांतील पहिला दोष सूचीचा आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामधील मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, ऱ्हस्वदीर्घाचा आणि मूर्धन्य-दंत्याचा भेद न पाळता, अनेकदा अर्धवट नोंदविलेली आहेत. संपादकाचे नाव लेखकाच्या जागी, मालेचे नाव ग्रंथाच्या जागी, असे प्रकार विपुल आहेत. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचे १८०० ते १९३७ या कालखंडाचे जे प्रचंड काम एकहाती केले, त्यातील कोणतीही एक नोंद या यांत्रिक नोंदींशेजारी ठेवून पाहावी. ज्या काळी संगणक नव्हता त्या काळी एका व्यक्तीने ग्रंथ हातात घेऊन, मुखपृष्ठ वाचून, पाने मोजून जे केले, ते आज मोठ्या यंत्रणेस साधलेले नाही. याचे कारण उघड आहे. छायांकनास निधी मिळाला, सूचीकारास मिळाला नाही.

दुसरा दोष आवृत्तीच्या अनिश्चिततेचा आहे. लीळाचरित्राच्या नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत, कारण त्यांच्यामागील पोथ्या आणि त्यांची मांडणी भिन्न आहे. यास्तव ‘पूर्वार्ध, लीळा अमुक’ एवढाच निर्देश केलेला एखादा प्रबंध वाचताना संपादकाचे नाव दिलेले नसेल, तर तो प्रसंग शोधणे म्हणजे गवताच्या गंजीतून सुई काढणे होय. संगणकीय संग्रहात एकाच ग्रंथाच्या दोन-तीन प्रती शेजारी शेजारी पडून असतात. त्यांतील कोणती कोणत्या वर्षाची, कोणती पुनर्मुद्रित आणि कोणती सुधारून वाढविलेली, हे नोंदीवरून कळत नाही. ग्रंथ खुला आहे. पण त्याचा आधार घेऊन केलेले विधान पडताळता येत नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजी नियतकालिकांची. भारत सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना संमत केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक आणि जवळजवळ तेरा हजार नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. लोणारविषयक भूशास्त्रीय लेखन ज्या प्रकारच्या नियतकालिकांत येते तशी अनेक नियतकालिके यामुळे शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांच्या आटोक्यात आली. हे स्वागतार्ह आहे. परंतु यास मुक्त प्रकाशन म्हणता येणार नाही; ही सामुदायिक वर्गणी होय. संस्थेच्या दाराबाहेर असलेला लोणारचा शिक्षक, पत्रकार वा शेतकरी आपल्याच गावच्या तळ्यावरील लेखापासून पूर्वीइतकाच दूर राहतो. शिवाय ज्या भाषेत या जिल्ह्याचा व्यवहार चालतो त्या मराठीतील संशोधनास या तरतुदीचा काहीच लाभ नाही.

४

मराठी ग्रंथांच्या बाबतीत शोध्यतेचा प्रश्न मुळात भाषिक आहे, आणि म्हणूनच तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. असे असूनही त्यानंतरची कित्येक वर्षे मराठीतील मुद्रण ज्या टंकांवर झाले त्यांत देवनागरी अक्षराच्या आकृतीमागे रोमन अक्षराचा संकेत दडलेला असे. अशा टंकात अक्षरजुळणी केलेला प्रबंध पडद्यावर शुद्ध मराठीत दिसतो. त्यातील एक ओळ उचलून अन्यत्र ठेवली तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी उमटते. सकळ लिपीचे वर्णन वर आले आहे. दिसावयास देवनागरी आणि वाचावयास अर्थहीन, असा जो अनुभव राजवाड्यांच्या पूर्वीच्या वाचकास महानुभावांच्या पोथीसमोर येत असे, तोच आज संगणकास या प्रबंधांसमोर येतो. फरक इतकाच की पंथाने आपली लिपी हेतुपुरःसर घडविली होती. विद्यापीठांनी ती अनवधानाने घडविली.

संकेत योग्य असला तरी अडचणी उरतात. ‘दऱ्या’ या शब्दातील रफार दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यास तो एकच दिसतो, पण यंत्रास ते दोन शब्द वाटतात. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे. त्यास स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, तोपर्यंत तो जोडून लिहिला जाई, आणि आजही दोन्ही रीती चालू आहेत. याहून व्यापक प्रश्न शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य होण्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘करणें’, ‘घरांत’ अशी व्युत्पत्तिनिष्ठ अनुस्वारयुक्त रूपे आहेत. आजच्या लेखनपद्धतीने ‘नाव’ हा शब्द शोधणाऱ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सारे वाङ्मय रिकामे भासेल. त्या काळातील शब्द तेथे आहेत; पण विचारणारा ज्या रूपात विचारतो त्या रूपात नाहीत.

जुन्या पोथ्यांत तर ही भिन्नता आणखी वाढते. तेथे ‘ख’ च्या जागी ‘ष’ लिहिण्याचा परिपाठ आहे. ‘खांब’ हा शब्द ‘षांब’ असा आढळतो. ‘ण’ आणि ‘न’ यांची अदलाबदल होते, ऱ्हस्वदीर्घाचा नियम पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात. संपादक या रूपांचे जे करतो ते त्याच्या भूमिकेवर अवलंबून असते. काहीजण पोथीतील रूप जसेच्या तसे ठेवतात, काहीजण ते वाचकाच्या सोयीसाठी सुधारतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास पहिली रीत हवी असते, कारण लेखनातील भिन्नतेमधूनच उच्चारांचा इतिहास उकलतो. सामान्य वाचकास दुसरी हवी असते. छापील ग्रंथात या दोहोंपैकी एकीचीच निवड करणे भाग होते. संगणकीय ग्रंथात मात्र पोथीतील रूप आणि त्याचे प्रमाण रूप ही दोन्ही एकाच ठिकाणी ठेवता येतात, व वाचकाने कोणत्याही रूपाने विचारले तरी ग्रंथ उत्तर देऊ शकतो. संगणकाने संपादनशास्त्रास दिलेली खरी देणगी ही आहे. आणि मराठीत तिचाच उपयोग सर्वांत कमी झालेला आहे.

गावांच्या नावांचे एक उदाहरण या ठिकाणी पुरेसे होईल. निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची निर्णायक लढाई १७२४ मध्ये सध्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे झाली. विजयानंतर निजामाने गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले. फारसी साधनांत हे गाव शकरखेडा असे येते, इंग्रजी कागदांत फत्तेखेल्डा असे, आणि लोकांच्या तोंडी साखरखेर्डा. ही तिन्ही नावे एकाच गावाची आहेत हे ज्या सूचीत नोंदविलेले नाही त्या सूचीत हे गाव तीन ठिकाणी विभागले जाते. बुलढाणा हे नावच बुलडाणा, बुलढाणा, बुलढाणे अशा रूपांत छापलेले आढळते, तेथे इतर नावांची कथा काय सांगावी?

५

दप्तरखान्यांतील कागदपत्रांच्या बाबतीत तर विखुरलेपणा हाच या जिल्ह्याचा इतिहास आहे. वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या हवाली केला. त्याचा कायमचा पट्टा १९०२ मध्ये झाला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडण्यात आला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यकर्ते बदलले तसे कागदही हलले. निजामशाहीतील कागद हैदराबादेस, मध्यप्रांताचे नागपुरास, मुंबई राज्याचे मुंबईस, आणि लंडनच्या इंडिया ऑफिसकडे गेलेले लंडनमध्ये, अशी त्यांची वाटणी झाली. त्यात भर अशी की खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. खामगावच्या कापूस बाजारपेठेचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास ज्यास लिहावयाचा आहे त्याने ‘बुलढाणा’ या नावाखाली शोध घेतल्यास त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्याने ‘अकोला’ पाहिले पाहिजे. विद्यापीठीय प्रबंधांचीही तीच स्थिती आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्यापूर्वीचे या जिल्ह्यावरील प्रबंध नागपूर विद्यापीठाच्या नावे जमा आहेत. हे ज्ञान कोणत्याही यंत्रात नाही. ते स्थानिक ग्रंथपालाच्या डोक्यात असते, आणि तो निवृत्त झाला की नाहीसे होते.

या टप्प्यावर दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप श्रद्धेचा. महानुभावांच्या पोथ्या या पंथीयांच्या दृष्टीने पूजनीय वस्तू आहेत. त्या मठांतून आणि अनुयायांच्या घरी जतन झाल्या म्हणूनच आज अस्तित्वात आहेत. कोलते यांच्या आवृत्तीतील काही भागांवर पंथातील मंडळींनी आक्षेप घेतले आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अशा परिस्थितीत सर्व पोथ्यांची छायाचित्रे विनासंमती जगापुढे मांडणे हे मुक्ततेच्या नावाखाली केलेले आक्रमण ठरेल. परंतु त्यावरून काहीच खुले करू नये असे निष्पन्न होत नाही. पोथीचे वर्णन, म्हणजे ती कोठे आहे, किती पानांची आहे, कोणत्या लिपीत आहे, लेखनकाल दिला आहे काय, एवढे खुले करण्यास क्वचितच कोणाची हरकत असेल. छायाचित्र संमतीने द्यावे आणि संपादित पाठ संपादकाच्या जबाबदारीवर प्रसिद्ध व्हावा. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे संशोधन आणि श्रद्धा यांतील बराचसा संघर्ष टळतो. हस्तलिखितांसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेचा रोखही प्रथम वर्णनात्मक नोंदींवर होता, आणि तो क्रम उचित होता.

दुसरा आक्षेप स्वामित्वहक्काचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. कोलते १९९८ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्वतंत्र ग्रंथांवरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत राहील. तोपर्यंत हे ग्रंथ दुकानात मिळोत वा न मिळोत, ते कोणासही मनमानेल तसे वाटता येणार नाहीत. कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळील ग्रंथाची जतनापुरती संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ही मुभा जतनाची आहे, वितरणाची नाही. तेव्हा अशा ग्रंथांच्या बाबतीत दोनच सरळ मार्ग उरतात. वारसांची आणि प्रकाशकांची लेखी अनुमती मिळविणे हा एक. आणि ग्रंथ न देता त्याची विषयसूची, नामसूची, व त्यातील चर्चेचा निर्देश तयार करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गास कोणाच्याही अनुमतीची गरज नाही, आणि तो ग्रंथालयाच्या मूळ धर्माशी सुसंगत आहे.

६

ग्रंथ उपयोगासाठी असतात हा शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील पहिला सिद्धांत. त्याचा आजचा अर्थ लावावयाचा तर महाविद्यालयीन ग्रंथालयाने आपले काम ग्रंथांच्या देवघेवीपुरते मर्यादित ठेवून चालणार नाही. महागडी यंत्रसामग्री नसतानाही जिल्ह्याच्या ठिकाणी करता येतील अशी काही कामे आहेत. मलकापूर, बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर येथील ग्रंथालयांनी मिळून या जिल्ह्यात छापलेल्या व या जिल्ह्याविषयी लिहिलेल्या ग्रंथांची संयुक्त सूची करावी, आणि तीत प्रत्येक ग्रंथाचे नाव मुखपृष्ठावरील रूपात, आजच्या प्रमाण रूपात आणि रोमन लिपीत असे तिहेरी द्यावे. अरुण प्रकाशनाच्या ग्रंथांच्या आवृत्त्या व पुनर्मुद्रणे यांची स्वतंत्र नोंद या सूचीत असावी. लीळाचरित्राच्या तीन मुद्रित आवृत्त्यांतील लीळांच्या क्रमांकांचे तुलना-कोष्टक मराठी विभाग आणि ग्रंथालय यांनी सहकार्याने तयार करावे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून ते दोन-तीन वर्षांत पुरे होण्यासारखे आहे. स्थानपोथीतील जिल्ह्यातल्या गावांची नावे, त्यांची भिन्न रूपे आणि सध्याचा तालुका यांची यादी करावी. ही सर्व साधने युनिकोडमध्ये, दुरुस्तीस वाव ठेवून आणि पुनर्वापराच्या स्पष्ट परवान्यासह प्रसिद्ध व्हावीत.

विद्यापीठीय पत्रिकांवरही याच संदर्भात एक जबाबदारी येते. जी पत्रिका इतरांच्या ग्रंथांची मुक्तता मागते तिने आपले अंक प्रथम शोध्य स्वरूपात दिले पाहिजेत. प्रत्येक लेखात वापरलेल्या आवृत्तीचे नाव व वर्ष यांचा आग्रह धरणे, जुन्या टंकातील अंक युनिकोडमध्ये परिवर्तित करणे, आणि जुन्या अंकांची लेखसूची करणे, या गोष्टी संपादकमंडळाच्या निर्णयाने होण्यासारख्या आहेत.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि महानुभावांची काशी समजल्या जाणाऱ्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ त्याच वर्षी कार्यरत झाले. या दोन्ही घटनांनी जुन्या मराठी ग्रंथांविषयी आस्था वाढली आहे, आणि निधीही येण्याचा संभव आहे. तो निधी पुन्हा केवळ छायांकनावर खर्च झाला तर आज आहेत त्याहून अधिक चित्रे जमा होतील आणि अभ्यासकाची अडचण होती तेथेच राहील. दात्यांसारख्या सूचीकाराचे आणि कोलत्यांसारख्या संपादकाचे काम हे एकाच कार्याचे दोन भाग आहेत. विद्यापीठांनी पदोन्नतीच्या वेळी जेवढे मोल प्रबंधास दिले तेवढे सूचीस, कोष्टकास आणि पाठचिकित्सेस दिले, तरच तरुण अभ्यासक या कामाकडे वळतील. सकळ लिपीची किल्ली सापडली त्या दिवशी महानुभावांचे वाङ्मय वाचनीय झाले. ते अभ्यसनीय होण्यास त्यानंतर कित्येक दशके आणि नेने, तुळपुळे, कोलते यांच्यासारख्यांची आयुष्ये लागली. संगणकीय ग्रंथांच्या बाबतीत सध्या फक्त किल्ली सापडली आहे.